टेपेच्या शेवटची चार मिनिटं

आमच्या ह्यांना ऑफिसात सगळे पुसणीस म्हणायचे. वाईट बुद्धीने नाही, गमतीने. टेलिव्हिजनच्या केंद्रात टेपा सांभाळायचं काम ह्यांच्याकडे होतं. सांभाळणं आपलं म्हणायला, खरं काम पुसायचं. टेपा बाहेरून मागवाव्या लागत आणि कायम कमीच पडत. म्हणून कार्यक्रम एकदा दाखवला की तीन महिन्यांनी ती टेप पुसायची आणि पुढच्या कार्यक्रमाला द्यायची. गाणं असो, नाटक असो, नाहीतर कुणा थोराचं भाषण असो, नियम सगळ्यांना एकच. पुसायचं एक यंत्र होतं, शिलाई मशीनच्या खोक्याएवढं. त्यावर टेप ठेवून हाताने गोल गोल फिरवायची, दोन मिनिटांत कोरी. जवळ घड्याळ असेल तर तेही बंद पडायचं, म्हणून ह्यांनी तीस वर्षं मनगटाला घड्याळ लावलं नाही. निवृत्त झाले तेव्हा ऑफिसने भेट काय द्यावी, तर घड्याळ. ते अजून डबीत आहे.

माणूस अगदी नाकासमोर चालणारा. ऑफिसची पेन्सिल कधी घरी आली नाही. बोलणंही मोजूनमापून. मी चार वाक्यं बोलावीत तेव्हा एक 'हं' मिळायचा, आणि त्या 'हं'चा अर्थ लावण्यात माझी उमर गेली. माझी काही तक्रार नाही. म्हणजे आहे, पण आता तक्रार करायचाही कंटाळा येतो.

असा माणूस सत्तरी उलटल्यावर आठवड्यातून चार दिवस दातांच्या डॉक्टरकडे जायला लागला. शेजारीण मला जिन्यात गाठून म्हणाली, "ह्यांच्या तोंडात दात आहेत तरी किती?" मी म्हटलं, "सहा. पण ते दाखवायला जात नाहीत, डॉक्टरलाच शिकवायला जातात."

झालं होतं असं. केंद्र नव्या इमारतीत गेलं तेव्हा जुन्या टेपांचा ढीग भंगारात निघाला. ह्या डॉक्टरांना जुन्या गाण्यांचं वेड. त्यांनी भंगारवाल्याला गाठून दोन टेम्पो भरून टेपा दवाखान्यामागच्या खोलीत आणून टाकल्या. कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या पलंगाखालून निघालेल्या घरगुती कॅसेटी होत्या, त्या वेगळ्याच. ओल धरलेली टेप ते उपकरणं सुकवायच्या पेटीत मंद उबेवर ठेवायचे. मग जुन्या यंत्रावर एकदाच लावायची, कारण दुसऱ्यांदा चालेल याची खात्री नाही, आणि चालते तेवढ्यात कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. नंतर ते सगळं इंटरनेटवर टाकायचं. आधी खोक्यावरच्या चिठ्ठीचा फोटो आणि मग गाणं, अशी त्यांची पद्धत. ते बघून कुठकुठले लोक लिहायचे. डावीकडे वाजवतायत ते माझे आजोबा. मी ह्या बाईंची विद्यार्थिनी, यांचा आवाज पुन्हा ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. असलं वाचून डॉक्टरांचे डोळे भरायचे, आणि बाहेर गाल धरून बसलेला पेशंट ताटकळायचा.

खोक्यांवरचे आकडे आणि खुणा मात्र डॉक्टरांना लागेनात. त्या ज्यांनी लिहिल्या होत्या ते पुसणीस त्यांनी शोधून काढले. जन्मभर ज्यांनी पुसलं ते आता काय काय शिल्लक आहे ते धुंडाळायला लागले. मला बरंच वाटलं. घरात बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा बरं.

आता वन्संचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. वन्सं म्हणजे ह्यांची पाठची बहीण. गळा असा की भांडी घासताना गुणगुणल्या तरी वरच्या मजल्यावरची माणसं आपलं बोलणं थांबवायची. केंद्रात संगीताच्या कार्यक्रमांच्या एक निर्मात्या होत्या. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणायचे. बाईंनी वन्संना एका घरगुती बैठकीत ऐकलं आणि चाचणीला बोलावलं. शिफारस करणं सोडाच, हे चाचणीच्या दिवशी स्टुडिओच्या बाजूलाही फिरकले नाहीत. वन्सं स्वतःच्या गळ्यावर निवडल्या गेल्या. आठव्या महिन्यात होत्या. अर्ध्या तासाचा कार्यक्रम झाला. तो दाखवला त्या संध्याकाळी त्या बाळंतीण, दवाखान्यात. सगळ्या ओळखीपाळखीने पाहिला, एक त्यांनी सोडून.

त्या म्हणाल्या, काय घाई आहे, टेप दादाकडेच आहे.

तीन महिने झाले आणि टेप पुसायच्या यादीत आली. ह्यांनी ती दोनदा मागे सरकवली, मला घरी येऊन सांगितलंही. तिसऱ्यांदा साहेबाने यादी बघितली आणि भर ऑफिसात विचारलं, "ही का मागे राहते? कुणाच्या घरची आहे का?" चारजण हसले. बस, एवढंच. ह्यांनी त्याच दिवशी टेप काढून दिली. घरचं म्हणून राखलं असं कुणी म्हणता कामा नये. मी म्हटलं, अहो, बहिणीला बोलावून एकदा दाखवायची तरी होती आधी. तर म्हणाले, "टेप चार वाजता हवी होती." जशी काही चार वाजता जगबुडी होणार होती.

पुढचं ह्याहून वाईट. महिन्याभराने वन्सं तान्ह्या मुलीला सासूकडे ठेवून, चांगलं पातळ नेसून आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, चल दादा, दाखव. आणि माझ्या ह्या नाकासमोर चालणाऱ्या नवऱ्याने खाली बघून सांगितलं, "बाईंच्या टेबलावर होती. पुढचं मला ठाऊक नाही." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात पाण्याचा तांब्या. तोंडातून ब्र काढला नाही. ते माझं पाप.

वन्सं तडक बाईंकडे गेल्या. तिथे काय बोलल्या ते नंतर अख्ख्या केंद्राने ऐकवलं. तुम्हाला पुढे गेलेलं कुणी बघवत नाही. तुम्ही मुद्दाम घालवलीत. तुमच्या दारात पुन्हा पाऊल ठेवणार नाही. बाई दुसरा कार्यक्रम देणार होत्या, तो तिथेच मोडला. वन्संनी गाणंच सोडलं. भांडी घासताना गुणगुणणंसुद्धा बंद झालं. बाई नऊ वर्षांपूर्वी गेल्या. वन्सं भेटायलाही गेल्या नाहीत. म्हणाल्या, मी कशाला जाऊ.

आणि दोन वर्षांपूर्वी वन्संच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनने जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. आता त्या एका छोट्या पाटीवर लिहून बोलतात. बोटाएवढ्या काडीने लिहायचं आणि कोपऱ्यातलं बटण दाबलं की सगळं पुसलं जातं. माझ्या भाचीने, म्हणजे त्यांच्याच मुलीने, आणून दिली. भाचीच्या फोनमध्ये आईचा आवाज तेवढा एक उरलाय: "येताना दूध आण." तिने तो जपून ठेवलाय.

मी ह्यांना इतकी वर्षं सांगत आले, सांगून टाका. आधी म्हणाले, तिचा राग निवळू दे. मग म्हणाले, आता कशाला उकरायचं. ऑपरेशननंतर म्हणाले, आता तर तिला बोलताही येत नाही, हे तिच्यावर कसं लादू. दरवेळी कारण नवं. मी थकले सांगून. खरं म्हणजे आम्ही दोघंही 'बाईंच्या टेबलावर होती' ह्या एका वाक्याला थकलो होतो. वन्सं घरी आल्या की ते वाक्य आमच्यात येऊन बसायचं आणि आम्ही त्याला वळसा घालून चहा करायचो.

तर एका बुधवारी दुपारी डॉक्टरांचा फोन. ह्यांना नीट ऐकू येत नाही म्हणून फोन मीच घेते. डॉक्टर म्हणाले, "काकांना घेऊन लगेच या. एक टेप लावली होती, दातांची निगा, सव्वीस मिनिटांचं भाषण. एरवी समाप्त आलं की मी बंद करतो. पण आज पेशंट आला, मी बाहेर गेलो, टेप चालूच राहिली. परत येऊन बघतो तर एक बाई गातायत. काय गातायत! जुन्या कार्यक्रमाचं शेपूट राहिलंय खाली."

ह्यांना सांगितलं तर हे खुर्चीतून उठलेच नाहीत. मग म्हणाले, "दातांचं? मोठ्या दाढीवाल्या माणसाचं भाषण?" मी म्हटलं, मला काय ठाऊक. हे म्हणाले, "तीच. त्याच भाषणाला दिली होती ती." चेहरा असा झाला की एकट्याला पाठवायचं मला धैर्य झालं नाही. मीही चपला घातल्या.

दवाखान्यामागच्या खोलीत औषधाचा वास आणि यंत्रांची ऊब. डॉक्टरांनी आम्हाला दोन स्टुलांवर बसवलं, आणि कॉम्प्युटर लावण्याआधी खोकं ह्यांच्या हातात दिलं. चिठ्ठीवर आधीच्या कार्यक्रमाचं नाव आडव्या रेघेने खोडलेलं, खाली 'पुसली', तारीख आणि ह्यांची सही. अक्षर कसं, तर छापल्यासारखं.

मग पडदा पांढऱ्या ठिपक्यांनी भरला आणि त्यातून वन्सं आल्या. कडव्याच्या मध्यातच, तोंड उघडं, डोळे मिटलेले. मांडीवर पदर पसरून बसलेल्या, पोट दिसू नये म्हणून. मी त्यांचा तो आवाज विसरले होते, हे मला तेव्हा कळलं. आठवतो असं वाटायचं, पण मी आठवत होते ती नुसती स्तुती. हा आवाज वेगळाच होता, जरा खरखरीत, आणि वर जाताना असा सहज जायचा की ऐकणाऱ्याचा घसा मोकळा व्हावा. मी रडले. लाजले नाही.

गाणं संपलं तरी चित्र चालूच. वन्संनी डोळे किलकिले करून दिव्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "संपलं?" कुणीतरी हसलं. बाईंचा आवाज आला, "छान झालं गं. शेवट तर फारच छान." मग वन्संनी कॅमेऱ्याच्या पलीकडे मान वळवली.

"दादा, जपून ठेवशील ना? मला बघायचीय नंतर."

आणि लांबून, तरुण, ठणठणीत, माझ्या नवऱ्याचा आवाज: "ठेवतो की. माझ्याच तर ताब्यात असते."

चित्र गेलं. डॉक्टरांना बिचाऱ्यांना काही माहीत नाही. ते हात चोळत म्हणाले, "हे दादा कोण, ते कळलं तर काय मजा येईल. रविवारी टाकतो. गाणं संपतं तिथे कापू, की हे बोलणंही राहू दे?"

कापा म्हणणं किती सोपं होतं. चिठ्ठीचा फोटोही टाकू नका म्हटलं असतं तर डॉक्टरांनी ऐकलं असतं. वन्संना गाणं मिळालं असतं आणि दादा देवमाणूस ठरला असता: बघ, शोधून काढली. मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मीच कापा म्हटलं असतं, इतकी मी दमले होते.

हे म्हणाले, "पुन्हा लावा." पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "कापू नका. दादा मीच आहे." डॉक्टरांनी खोक्यावरच्या सहीकडे बघितलं. "फोटोही टाका. फक्त रविवारच्या आधी मला एकीकडे जाऊन यायचंय."

परतताना बसथांब्याच्या बाकावर बसलो. बस आली, गेली, आम्ही उठलो नाही. हे आपणहून बोलले, ही तशी बातमीच. "त्या महिन्यात पुसायचं यंत्र बिघडलं होतं. पण नोंदवहीत पुसली असं लिहिल्याशिवाय टेप बाहेर देता यायची नाही. म्हणून मी न पुसताच लिहिलं. त्यांनी जुन्यावरच नवीन घेतलं. भाषण आखूड होतं, म्हणून खालचं राहिलं." मग म्हणाले, "तीस वर्षांत तेवढी एक नोंद खोटी केली."

मी म्हटलं, "तेवढीच एक कामाला आली. खरेपणाने केलंत ते सगळं गेलं."

हे माझ्यावर चिडतील असं वाटलं. चिडले नाहीत. म्हणाले, "बाई आल्या होत्या माझ्या टेबलाशी. ती भांडून गेली त्याच दिवशी. नोंदवही मागितली. पान उघडलं, माझी सही बघितली, वही मिटून परत दिली. आणि गेल्या. तिला काही बोलल्या नाहीत. कुणालाच नाही." हे मला नवीन होतं. इतकी वर्षं एका ताटात जेवून हे मला नवीन होतं. मला इतका राग आला की मी पुढची बस हात करून थांबवली आणि ह्यांच्याआधी चढले.

शनिवारी दुपारी आम्ही भाचीकडे गेलो. वन्सं तिच्याकडेच असतात, तिसऱ्या मजल्यावर. गळ्यापाशी रुमाल बांधून खिडकीत बसल्या होत्या. ह्यांना बघून पाटीवर लिहिलं: 'दात बसवले का?' सगळ्यांना ह्यांच्या दातांचीच चिंता.

भाचीच्या फोनवर डॉक्टरांनी पाठवलेलं होतं. भाचीने तो साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि लावला.

वन्सं पहिली दोन मिनिटं हलल्याच नाहीत. मग त्यांची बोटं मांडीवर ठेका धरायला लागली. भाची आईकडे बघायची, फोनकडे बघायची, पुन्हा आईकडे. आई गायची हे तिने नुसतं ऐकलेलं. "संपलं?" आलं तेव्हा ती हसली, आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. 'ठेवतो की' झालं. चित्र गेलं. वन्संनी पाटी ओढली.

'वरचा स्वर जरा चढलाय.' बटण दाबलं. 'पण बरं गायचे.' बटण. 'दादा, कुठे सापडली? बाईंकडे होती ना?'

हे उभे राहिले. बसून सांगायचं ते उभे का राहिले कोण जाणे, साहेबापुढे राहावं तसे. म्हणाले, "बाईंकडे नव्हती. कधीच नव्हती. टेप मीच दिली, माझ्या हाताने. साहेब हसला म्हणून. आणि तुझ्याशी खोटं बोललो." "बाईंना ते कळलं होतं. त्यांनी माझी सही बघितली होती. तू त्यांना बोललीस ते त्यांनी माझ्यासाठी सोसलं. मी त्यांचे आभारही मानले नाहीत."

मी म्हटलं, "मलाही माहीत होतं. बाईंचं सोडून." तेवढं माझ्या वाट्याचं होतं.

भाची म्हणाली, "मामा."

वन्सं ह्यांच्याकडे बघत राहिल्या. ज्याला तोंड आहे तो अशा वेळी ओरडतो, आदळआपट करतो, घरातून हाकलतो, आणि ऐकणाऱ्यालाही मोकळं करतो. त्यांना ते काहीच करता येईना. गळ्याच्या रुमालाआडून नुसता श्वास येत जात होता, भराभर. मला ह्यांची कीव आली आणि ह्यांचा रागही आला.

मग त्यांनी काडी उचलली. लिहिलं:

'आवाज होता तेव्हा मी बाईंना काय काय बोलले.'

आम्ही तिघांनी वाचलं. हे तसेच उभे. म्हणाले, "डॉक्टर टाकतील ना, त्याखाली मी लिहीन. बाईंचं नाव घालून, माझी सही घालून. सगळं लिहीन." वन्संनी मान हलवली नाही, होकाराची नाही की नकाराचीही नाही.

भाचीने सवयीने बटणाकडे बोट नेलं. आई पुढचं लिहिणार, म्हणून जागा करून द्यायला. वन्संनी तिचं मनगट धरलं आणि पाटी आपल्याकडे ओढून घेतली. पुढचं काही लिहिलं नाही. आम्ही निघालो तेव्हाही पाटीवर तेच होतं.